नको इतकं स्वच्छ पाणी

१

बर्फाच्या पेटीतलं घाण पाणी चोरीला गेलं आणि त्याच्या जागी स्वच्छ पाणी सापडलं. तलाव सुधार कार्यक्रमाच्या कार्यालयात पाणी स्वच्छ झाल्याची एवढ्या वर्षांतली ही पहिलीच घटना, आणि नेमकी तिचीच चौकशी लागली.

कार्यक्रमाचा दुसरा टप्पा संपत आला होता. तिसऱ्याला पैसे द्यायचे की नाही हे ठरवायला वरून समिती आली होती. आदल्या दुपारी समितीच्या अध्यक्षांना होडीत बसवून तळ्याच्या मध्यावर नेलं, कारंज्याशेजारी होडी थांबवली आणि त्यांच्यादेखत नमुने भरले. एक मोठा कॅन, जंतूंच्या तपासणीची एक बाटली आणि प्राणवायूच्या तपासणीची एक छोटी तपकिरी बाटली. तिन्ही बर्फाच्या पेटीत ठेवली. पेटीच्या कडीला कुलूप घातलं, कुलपावर संचालकांच्या शिक्क्याचं लाखेचं सील ठोकलं. पेटी नमुन्यांच्या खोलीत ठेवून खोलीलाही कुलूप लावलं. सकाळी ती परगावच्या प्रयोगशाळेत जायची होती.

सकाळी बर्फ बदलायला सगळ्यांसमोर सील फोडलं. आत पाणी होतं ते काचेसारखं.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "काल होडीत माझ्या लक्षात आलं नाही. काय काम केलंय तुम्ही लोकांनी!"

संचालकांनी नम्रपणे मान खाली घातली. अजून थोडा वेळ ती तशीच खाली राहिली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. पण ज्या बाईने हे नमुने स्वतःच्या हाताने भरले होते, जिला कार्यालयात सगळे 'नमुनेवाली' म्हणत, ती पुढे झाली. तिने कॅनचं झाकण उघडलं, वाकून वास घेतला आणि म्हणाली, "साहेब, हे आपलं पाणी नाही."

तिला कोणी विचारलं नव्हतं.

"आपलं नाही म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आपल्या पाण्याला वास येतो. याला नळाचा येतोय."

संचालकांनी मान वर केली. "या खोलीची किल्ली कोणाकडे असते, बाई?"

"माझ्याकडे."

"आणखी कोणाकडे?"

"कोणाकडे नाही. एकच आहे."

"बरं," संचालक म्हणाले. त्यांच्या 'बरं'चा अर्थ कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होता. नमुनेवाली तिथे वर्षानुवर्षं हंगामी होती. पुढच्या महिन्यात तिला कायम करायचं ठरलं होतं. तो कागद बाजूला ठेवून तिला कामावरून काढल्याचं पत्र टाईप करायला घेतलं गेलं. खाली सही तेवढी बाकी ठेवली. चौकशीशिवाय सही केली तर वाईट दिसतं.

२

चौकशीला बोलावलं उंदीरसाहेबांना.

हे गृहस्थ दक्षता खात्यातून निवृत्त झाले होते. ज्या चौकशीचा निकाल कोणालाच नको असतो, तिच्यासाठी त्यांना मानधनावर बोलावत. फार पूर्वी एक फाईल गहाळ झाली तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे शोध घेतला होता आणि ती खरोखरच उंदरांनी खाल्ली होती. वरिष्ठांना तो अहवाल इतका आवडला की पुढच्या प्रत्येक गहाळ फाईलीच्या वेळी त्यांचीच आठवण झाली. पहिल्यांदा त्यांनी विरोध केला. मग ते थकले. एका अहवालात तर उंदरांनी अख्खी जीप खाल्ली होती, आणि तोही मंजूर झाला.

"समिती संध्याकाळच्या गाडीने जाते," संचालक म्हणाले. "तोवर काय ते होऊन जाऊ दे. बाई कबूल आहेच की किल्ली तिच्याकडे होती."

"कबूल आहे म्हणजे तिनेच सांगितलं," उंदीरसाहेब म्हणाले. "आणि पाणी बदललंय हेही तिनेच सांगितलं. चोर सहसा इतकी मदत करत नाहीत."

"तुम्ही फार ताणू नका हो."

"माझ्यात ताणण्याइतकं काही उरलेलं नाही," असं म्हणून ते नमुन्यांच्या खोलीत शिरले.

सील शाबूत होतं यावर सगळ्यांचं एकमत होतं. उंदीरसाहेबांनी पेटी उचलून तिचं तोंड भिंतीकडे केलं आणि पाठीकडून पाहिली. मागच्या बिजागऱ्यांचे चारही स्क्रू गंजलेले होते, पण त्यांच्या खाचा चकाकत होत्या. पुढून लाखेचं सील, सह्या, शिक्के; मागून चार स्क्रू. सरकारी कामात हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की त्यांना हसूही आलं नाही.

कोपऱ्यातल्या बेसिनला कुबट, शेवाळी वास येत होता. म्हणजे तळ्याचं पाणी इथेच ओतून दिलं आणि त्याच बाटल्या इथल्याच नळाखाली भरल्या. कॅन सकाळी उघडला गेला होता, पण बाकीच्या दोन्ही बाटल्या तशाच बंद होत्या. त्यांनी त्या उजेडात धरल्या. दोन्ही अगदी झाकणापर्यंत भरलेल्या. आत एक बुडबुडा म्हणून नाही.

"काल संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर कोण आलं होतं?" त्यांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं.

"कोणी नाही साहेब."

"कोणीच नाही?"

"देवाशपथ. कारंजेवाले साहेब आले होते, बिलाचं विचारायला. चहावाला कप न्यायला आला. अर्जवाले आजोबा तक्रारपेटीत अर्ज टाकून गेले. झाडूवाली होती. बाहेरचं असं कोणी नाही."

उंदीरसाहेबांनी सुस्कारा सोडला. जगात बाहेरचं असं कोणी नसतंच, हा त्यांचा नोकरीभराचा अनुभव होता.

३

"पाणी स्वच्छ निघालं याचा आनंद सगळ्यात जास्त तुम्हाला व्हायला हवा," ते संचालकांना म्हणाले. "तुमचा कार्यक्रम यशस्वी झाला."

संचालकांनी उठून दार लावून घेतलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम ओळखीचा वाटला. निवृत्ती तोंडावर आलेल्या माणसाचा.

"अहो, ते पाणी प्रयोगशाळेत पोचलं असतं तर माझं वाटोळं झालं असतं! तळं स्वच्छ झालं म्हटल्यावर तिसरा टप्पा कशाला? टप्पा नाही तर हे ऑफिस कशाला? ही माणसं कुठे जाणार? मला मुदतवाढ कोण देणार?"

"मग तळं घाण राहिलेलं बरं?"

"छे! घाण राहिलं तर दोन टप्पे काय झोपा काढल्या का, असं विचारतात." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "हे डॉक्टरसारखं आहे. पेशंट गेला तर नाव जातं, ठणठणीत झाला तर फी जाते. तळं सुधारत असलं पाहिजे. सुधारलेलं नको."

"आणि तुम्हाला पाणी बदलायचं असतं, तर कसं बदललं असतं?"

"मी बदललेलं नाही."

"समजा."

"समजा म्हटलं तर," संचालक चटकन म्हणाले, "निम्मं तळ्याचं, निम्मं नळाचं. साधी गोष्ट आहे." मग आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला.

उंदीरसाहेबांना वाटलं, हा माणूस खरं बोलतोय. इतक्या वर्षांच्या सवयीने खोटं कसं असतं ते त्यांना पाठ होतं, आणि हे तसं सफाईदार नव्हतं. मग ज्याला पास व्हायचं नव्हतं आणि नापासही व्हायचं नव्हतं, त्याने शंभर टक्के नळाचं पाणी का भरलं असतं?

आणि तो नसेल, तर हे निखळ पाणी हवं कोणाला होतं?

४

कारंजेवाल्यांना तर मुळीच नको होतं. ते कार्यक्रमाचे कंत्राटदार. तळ्याच्या मध्यावरचं कारंजं त्यांनीच बसवलं होतं, आणि आता त्यावर दिवे बसवायचा त्यांचा विचार चालू होता.

"साहेब, तळं शुद्ध झालं तर कारंजं कोण घेणार? आजारी माणूसच टॉनिक घेतो. मी काल बिलासाठी आलो होतो, बेंचवर बसून राहिलो, निघून गेलो. तुमच्या त्या बाटल्या मला कळत नाहीत. बाटली ती बाटली."

"घट्ट भरायची की थोडी रिकामी ठेवायची?"

"रिकामी ठेवली तर गिऱ्हाईक भांडतं," कारंजेवाले म्हणाले. त्यांचा पूर्वीचा धंदा सरबताचा होता.

प्रयोगशाळेतल्या रसायनवाल्या बाई मायक्रोस्कोपवर कापड टाकून, त्यावर हात ठेवून बसल्या होत्या. कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्या उत्साही होत्या असं म्हणत. आता त्यांनी उत्साहावरही कापड टाकलं होतं.

उंदीरसाहेबांनी दोन्ही बाटल्या त्यांच्यापुढे ठेवल्या. बाईंनी तपकिरी बाटलीकडे नुसतं पाहिलं. जंतूंची बाटली मात्र उचलली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"ही कोणी भरली?"

"तेच शोधतोय. काय झालं?"

"ही गच्च भरलीय. जंतूंची बाटली अशी भरत नाहीत. वर दोन बोटं हवा सोडायची असते, तपासायच्या आधी हलवायला. त्या तपकिरीचं उलटं आहे. तिच्यात बुडबुडासुद्धा चालत नाही, नाहीतर पाण्याऐवजी हवेतलाच प्राणवायू मोजत बसाल."

"म्हणजे चोराने दोन्ही एकाच पद्धतीने भरल्या."

"हो. इथला कोणी असं करणार नाही. मी नाही, माझा मदतनीस नाही."

"नमुनेवाली?"

"ती झोपेतही दोन बोटं सोडेल. आणि साहेब, ती मूर्ख आहे. गप्प राहिली असती तर पुढच्या महिन्यात कायम झाली असती." हे त्या रागाने म्हणाल्या, पण राग नमुनेवालीवर नव्हता.

"मग अशी कोण भरेल? ज्याला काहीच माहीत नाही तो?"

बाईंनी जरा विचार केला. "ज्याला काहीच माहीत नाही तो गळ्यापर्यंत भरून नळ बंद करेल. इतकं निगुतीनं, शेवटचा बुडबुडा टिचकी मारून काढेपर्यंत कोण भरतं? ज्याला एकच बाटली भरायला येते, आणि तीही फार चांगली येते."

५

नमुनेवाली व्हरांड्यात बाकावर बसली होती. मांडीवर डबा होता, न उघडलेला. टाईपरायटरचा आवाज थांबला होता. पत्र तयार झालं होतं.

"काल किल्ली कुठे होती, बाई?"

"उशाखाली," ती म्हणाली. "रात्रभर. मी ती नजरेआड करतच नाही."

उंदीरसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. सकाळी न विचारता खरं बोललेली ही बाई आता प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होती. आणि त्यांनी रात्रीचं विचारलंही नव्हतं.

"असं म्हटलंत तर सगळं तुमच्यावरच येतं, कळतंय ना?"

"कळतंय."

"सकाळी का बोललात?"

तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "ती बाटली माझ्या नावाने जाणार होती," ती म्हणाली. "वर माझं नाव असतं, नमुना घेणार म्हणून. मला बाकी काही येत नाही साहेब. तळं कसं सुधारायचं ते मोठी माणसं बघतील. पण यात जे आहे ते तळ्यातलं आहे, एवढं मी सांगते. तेच खोटं झालं तर मी काय करते इथे?"

"घरी कोण कोण असतं?"

"नवरा. त्यांच्या कंबरेचं ऑपरेशन झालंय, अजून उठवत नाही."

"म्हणजे घर तुमच्यावर आहे."

"हो. आणि सासरे असतात."

"ते काय करतात?"

तिने डब्याची कडी उघडली आणि परत लावली.

"अर्ज," ती म्हणाली.

६

अर्जवाल्या आजोबांना ओळखत नाही असं कोणी नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते तळ्यासाठी अर्ज करत होते. गावाचा सांडपाण्याचा नाला तळ्यात येतो तिथून नमुने घ्या, मध्यावर कारंज्यापाशी घेऊ नका, एवढंच त्यांचं म्हणणं. रोज संध्याकाळी एक अर्ज ते पेटीत टाकत. प्रत्येकाची दखल घेण्यात आली आहे असं त्यांना कळवलं जाई. त्यांची सून त्याच कार्यालयात लागली तेव्हा लोकांना वाटलं, आता घरात रणकंदन होणार. पण त्या घराने एक नियम केला: उंबऱ्याच्या आत तळ्याचं नाव काढायचं नाही. त्यावर घर सुरळीत चालू होतं.

"या, या," आजोबा म्हणाले. "उंदीरसाहेब ना? माफ करा, खरं नाव ठाऊक नाही."

"मीही विसरत चाललोय."

आतल्या खोलीतून मुलाने "कोण आहे बाबा?" विचारलं. "पाहुणे आहेत, तू पड," असं सांगून आजोबांनी पाणी आणलं. पेला इतका भरलेला की पाणी काठाच्या वर फुगून थरथरत होतं. ते मात्र थेंबही न सांडता घेऊन आले. उंदीरसाहेबांनी तोंडाला लावला आणि निम्मा शर्टावर घेतला.

फळीवर लहान लहान तपकिरी बाटल्या रांगेत होत्या.

"मुलांसाठी," आजोबा म्हणाले. "शनिवारी तळ्यावर नेतो त्यांना. प्राणवायू मोजायला शिकवतो. बुडबुडा राहता कामा नये, हे एवढं आलं की पोरांना वाटतं आपण शास्त्रज्ञ झालो."

दाराशेजारी लाकडी पट्टीवर खुंट्या होत्या. प्रत्येकीखाली सुबक अक्षरात लिहिलेलं: घर, सायकल, कपाट, नमुने.

"नीटनेटकं आहे."

"सवय हो. किल्ली घरात आली की खुंटीवर. सूनबाईला आधी जमत नव्हतं, पण आता आली की आधी किल्ली टांगते, मग चप्पल काढते. एकदाही चुकत नाही." हे त्यांनी कौतुकाने सांगितलं.

उंदीरसाहेबांनी ओला शर्ट झटकला. त्यांना आता घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं.

"आजोबा, ज्याचं पोट कार्यक्रमावर चालतं त्याला इतकं स्वच्छ पाणी परवडत नाही. तो अर्धंअर्धं करतो. हे पाणी अशा माणसाने भरलं ज्याची इच्छा होती की प्रयोगशाळेने ओरडून सांगावं, हे तळ्याचं नाही, नळाचं आहे, इथे फसवणूक चाललीय. म्हणून त्याने सीलला हात लावला नाही, मागचे स्क्रू काढले. सील शाबूत जायला हवं होतं, म्हणजे ठपका थेट संचालकांवर. त्याला एकच बाटली भरायला येते, म्हणून जंतूंचीही त्याने काठोकाठ भरली. तो संध्याकाळी कार्यालयात गेला तर आला असं कोणी म्हणत नाही, कारण तो रोजच येतो. आणि किल्ली तेव्हा त्याच्या घरात खुंटीवर होती."

आजोबा खुर्चीत टेकले. त्यांना पकडलं गेल्याची लाज वाटत नव्हती. उलट कोणीतरी शेवटी त्यांचं म्हणणं पूर्ण वाचलं, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"एवढे अर्ज केले," ते म्हणाले. "एकानेही नाल्यापर्यंत चालायचे कष्ट घेतले नाहीत. म्हटलं, खरं सांगून ऐकत नाहीत, तर त्यांच्याच पद्धतीचं खोटं सांगू. मोठी चौकशी लागेल, बाहेरून माणसं येतील, सगळं तळं तपासतील. तुम्ही आलात."

"एकटाच. मानधनावर."

"पण प्रयोगशाळेने इतक्या लवकर कळवलं?"

"पेटी गेलीच नाही. सकाळी बर्फ बदलताना तुमची सून बोलली. सगळ्यांसमोर. 'हे आपलं पाणी नाही' म्हणाली."

आजोबा खुर्चीत पुढे सरकले.

"तिला काढल्याचं पत्र तयार आहे. संध्याकाळी सही होईल."

"तिचा काय संबंध? सील संचालकांचं..."

"किल्ली तिची. मी विचारलं तिला, कुठे होती. म्हणाली, रात्रभर उशाखाली."

आजोबांची नजर खुंटीकडे गेली. तिथेच थांबली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तिला कळलंय," ते हळूच म्हणाले.

"तुमच्या हातचा पेला ती रोज बघते. सकाळी बाटल्या बघितल्या तेव्हाच कळलं असेल."

"आणि तरी ती..." ते उठले, दारापर्यंत गेले, इकडेतिकडे पाहिलं.

"माझ्या चपला कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. त्या त्यांच्या पायातच होत्या.

७

संचालकांना झालेला आनंद पाहण्यासारखा होता. इतकी वर्षं ज्याने भंडावून सोडलं तो माणूस समोर उभा राहून म्हणत होता, पाणी मी बदललं, तिला सोडा. सुनेने "बाबा!" म्हणून हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही.

"पोलिसांना बोलवा," संचालक म्हणाले.

"बोलवा," उंदीरसाहेब म्हणाले. "तक्रार मी लिहून देतो. यांनी तळ्याचं घाण पाणी ओतून दिलं आणि स्वच्छ पाणी भरलं. 'घाण' हा शब्द लिहावाच लागेल, नाहीतर गुन्हा काय झाला? स्वच्छ पाण्याच्या जागी स्वच्छ पाणी भरणं हा काही गुन्हा नाही. खाली तुमची सही."

संचालकांचा हात फोनवर होता, तो तिथून उठून चष्म्यावर गेला.

"मग करायचं काय?"

"नमुना बाद झाला, तेव्हा नवीन घ्यावा लागेल. उजेड आहे, अध्यक्षांच्या गाडीला अवकाश आहे. पण कारंज्यापाशी नको. या प्रकरणानंतर तिथलं पाणी कितीही चांगलं निघालं तरी कोण विश्वास ठेवणार? नाल्याच्या तोंडाशी घ्या."

"तिथे तर फार वाईट..." संचालक थांबले. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. तळं वाईट निघालं, तेही अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत, तर तिसरा टप्पा कोण नाकारणार? दुसऱ्या टप्प्याचं काय केलं असं विचारलंच, तर मधलं पाणी सुधारलं, आता कडेचं घेऊ. "चालेल," ते म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की उंदीरसाहेबांना उगाच आपली जीप आठवली.

"आणि बाईंचं पत्र?"

संचालकांनी ते स्वतः फाडलं. "तुमच्या अहवालात काय लिहाल?"

"उंदीर."

"उंदरांनी स्क्रू काढले?" नेमक्या तेव्हाच आत आलेल्या अध्यक्षांनी विचारलं.

"त्यांचा अनुभव फार दांडगा आहे," उंदीरसाहेब म्हणाले.

नाल्याच्या तोंडाशी अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. नमुनेवालीने पायजम्याच्या कडा गुडघ्यापर्यंत वळवल्या, पाण्यात उतरली. कॅन भरला, तपकिरी बाटली पाण्याखाली बुडवून काठोकाठ भरली. जंतूंची बाटली भरून वर काढली, तिच्यात दोन बोटं हवा होती. काठावर तिचे सासरे उभे होते. इतकी वर्षं ज्या जागेवर कोणीतरी येऊन उभं राहावं म्हणून त्यांनी अर्ज केले, तिथे आता ती उभी होती. अध्यक्ष परत येऊन गाडीत बसले तेव्हाही आजोबा तसेच उभे होते.

८

अहवाल आला. तळ्याची स्थिती अतिगंभीर. तिसरा टप्पा मंजूर झाला, आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा. संचालकांना मुदतवाढ मिळाली. कारंजेवाल्यांना आणखी दोन कारंजी मिळाली, दिव्यांसकट. आजोबांना सल्लागार समितीवर सन्माननीय सदस्य म्हणून घेतलं. पहिल्या बैठकीत दिवे निळे असावेत की हिरवे यावर चर्चा झाली आणि त्यांच्या मताची दखल घेण्यात आली. नमुनेवाली कायम झाली. टप्पा मोठा झाला म्हटल्यावर तिची गरजही लागणार होती.

म्हणजे जिंकलं कोण, हे उंदीरसाहेबांनाही नीट सांगता आलं नसतं. पण काही महिन्यांनी संचालकांचा त्यांना फोन आला. आवाज खोल गेलेला होता.

"अहो, तो नमुना. नाल्याच्या तोंडाचा."

"त्याचं काय?"

"तिसऱ्या टप्प्याची सुरुवात तिथून धरलीय. आता दर वेळी तिथलाच नमुना मागतात. आणि तळं सुधारत असलं पाहिजे!"

"मग?"

"मग काय! नाल्याचंच काहीतरी करावं लागणार की हो! कारंजी लावून तिथे काही होत नाही."

"अरेरे," उंदीरसाहेब म्हणाले.

त्या आठवड्यात नाल्याला एक जाळी बसली. मग पाणी साठवून गाळायचा एक हौद खणायला घेतला. वास होता तसाच होता, पण प्लास्टिक तळ्यात यायचं थांबलं. शनिवारी आजोबांची पोरं तिथे जाऊन जाळीत काय अडकलंय ते पाहत.

उंदीरसाहेब एकदा त्या बाजूला आले तेव्हा आजोबांकडे डोकावले. मुलगा काठी टेकत दारापर्यंत आला होता. नियम मोडलेला दिसत होता, कारण सून स्वयंपाकघरातून तळ्याबद्दलच काहीतरी सांगत होती आणि सासरे मध्येच "छे, छे, ते तसं नसतं" म्हणत होते.

"बसा," आजोबा म्हणाले आणि पाणी घेऊन आले. पेल्यात वर दोन बोटं जागा होती. उंदीरसाहेब एक थेंबही न सांडता प्यायले.

पेला ठेवताना त्यांचं लक्ष दाराशेजारच्या पट्टीकडे गेलं. घर, सायकल, कपाट यांच्या खुंट्या भरलेल्या होत्या. 'नमुने' लिहिलेली खुंटी रिकामी होती.

"सूनबाई घरी आहेत, मग किल्ली कुठे?" त्यांनी विचारलं.

आजोबा रिकामा पेला उचलून आत गेले.

"उशाखाली," स्वयंपाकघरातून सून म्हणाली.